शनिवार पेठेतला दोन चौकी वाडा: वय कसं ठरवायचं, दुरुस्ती कुठून सुरू करायची?

माजघर:
नमस्कार. शनिवार पेठेत आमचा वडिलोपार्जित दोन चौकी वाडा आहे, तळमजला आणि वर माडी. पुढच्या चौकाभोवती ओसरी, मागच्या चौकात आड, मागच्या अंगाला दोन भाडेकरू. घरात सगळे 'पेशवाईतला' म्हणतात, पण हाताशी मालमत्ता पत्रक आणि मोडी कागदांचं एक बासन एवढंच आहे. त्यातल्या एका कागदाच्या माथ्यावर 'खमस सबैन मया व अलफ' असं आहे, इतकं वाचून मिळालं.

सध्याची अवस्था: ओसरीचे पाच खांब बुडाशी भुसभुशीत झालेत. उत्तरेच्या भिंतीला पोट आलंय. पश्चिमेकडचा कडीपाट (कड्यांवर फळ्या घातलेलं लाकडी छत) काळा पडलाय आणि दोन कड्या वाकल्यात. ओसरीच्या भिंतीला चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे आणि त्याच्या बरोबर वर लोणा (पांढरा क्षार) फुटलाय.

कंत्राटदार म्हणतो: खांबांभोवती लोखंडी चॅनेल लावून आत काँक्रीट भरू, भिंतीत सिमेंटचं ग्राउटिंग करू (पातळ कालवण आत भरू), कौलं काढून पत्रा टाकू. पालिकेची धोकादायक म्हणून नोटीस पावसाळ्याआधी येतेच. दोन प्रश्न आहेत. वय खात्रीनं कसं ठरवायचं? आणि कामाचा क्रम काय ठेवायचा?

मोडीदप्तर:
वयाचं आधी. माथ्यावरचं ते शुहूर सन आहे, जुन्या मराठी कागदांत अरबी संख्यानामांनी लिहिलं जाणारं वर्ष. खमस ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११७५. शुहूर सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधल्याला ६००. तुमचा कागद १७७४-७५ चा, म्हणजे राघोबादादांविरुद्धच्या बारभाई कारस्थानाच्या धामधुमीतला. कागदात 'छ' अक्षर, पुढे आकडा आणि मुसलमानी महिना सापडला (छ ५ रजब, अशा तऱ्हेनं) तर नेमका दिवसही काढता येतो. शक सापडला तर त्यात ७८ मिळवा.

पण कागद १७७४ चा म्हणून वाडा १७७४ चा, असं होत नाही. इथेच बहुतेक घराण्यांची गफलत होते. कागद नुसत्या जागेचा असेल, दुसऱ्याच पेठेतल्या घराचा असेल किंवा कर्जरोखा असेल. आधी त्यात चतुःसीमा दिल्यात का ते वाचून घ्या. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोणती गल्ली, लांबी-रुंदी किती. ती आजच्या नकाशावर बसली तरच कागद या जागेचा.

नंतर उलट बाजूनं या. मालमत्ता पत्रकावरचे फेरफार मागे मागे नेत नगर भूमापन कार्यालयातली चौकशी नोंदवही मागा. मूळ मालक कोण आणि कशाच्या आधारावर लावला, हे तिथे असतं. इंग्रजी अमलातली खरेदी-विक्री दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ मध्ये मिळते. त्याआधीचं पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात, पण तिथे घराण्याचं नाव, पेठ आणि अंदाजे साल हाताशी असल्याशिवाय जाऊ नका. रुमालांचा (कापडात बांधलेल्या दप्तरांचा) डोंगर आहे. वाचनासाठी भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. १९१० पासूनची संस्था आहे, मोडी जाणणारी माणसं तिथे भेटतात. आणि कृपा करून कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. फोटो काढा आणि सुती कापडात परत बांधा.

आता वाड्याचं अंग. गिलावा जिथे आपोआप सुटलाय तिथे वीट बघा. दीड-दोन इंच जाडीची चपटी वीट जुनी. ९ x ४½ x ३ इंचाची आली की इंग्रजी काळ समजा. मंगलोरी कौलं १८६५ नंतरची, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना त्या साली निघाला. कौलावर १८६५ उठवलेलं असेल तर तो कारखान्याचा सन आहे, कौलाचा नाही. लोखंडी गर्डर दिसला तर रेल्वे पुण्यात १८५८ ला आली हे ध्यानात ठेवा, आणि गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव शोधा. डोकं चौकोनी, हातानं घडवलेला खिळा जुना. तारेचा गोल खिळा अलीकडचा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि कोरलेलं केळफूल बघून मात्र 'पेशवाई' ठरवू नका. विश्रामबाग वाड्यात (१८०७) ते आहेत म्हणून पुढे सगळं एकोणिसावं शतक लोकांनी त्यांची नक्कल केली.

शनिवार पेठ आहे म्हणून आणखी एक. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधल्या मातीच्या भिंती बसल्या आणि नंतर घाईघाईनं उभ्या केल्या गेल्या. तुमची उत्तरेची भिंत नदीच्या बाजूची. ती पूर्ण सिमेंटच्या दर्जांत (विटांमधल्या सांध्यांत) असेल तर तिचं वय बहुधा साठीच्या आसपास. एकाच वाड्यात तीन-चार काळ सापडतात, म्हणून प्रत्येक भागाचं साल वेगळं लिहा.

तुळई:
कंत्राटदाराचे तिन्ही प्रस्ताव नाकारा.

वाडा उभा आहे तो लाकडी सांगाड्यावर, भिंतीवर नाही. खांब तळखड्यावर (खालच्या दगडी बैठकीवर) नुसता टेकलेला, वर कोरीव हात, त्यावर तुळई, तुळईवर कड्या. भिंतीतही खांब पुरलेले असतात आणि भोवती पांढरी माती किंवा मातीच्या दर्जातली वीट. हा सगळा डोलारा थोडा हलतो आणि ओल बाहेर टाकतो. खांबाभोवती काँक्रीट ओतलं की आतलं लाकूड श्वास घेत नाही. बाहेरून खांब ठणठणीत दिसतो आणि आत चार-पाच पावसाळ्यांत भुगा होतो. शिवाय काँक्रीट आटतं, लाकूड पावसाळ्यात फुगतं; दोघांमध्ये फट पडते आणि वजन कोणीच नीट घेत नाही.

लोणा कुठे फुटलाय ते तुम्हीच लिहिलंय: सिमेंटच्या बरोबर वर. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जाते. सिमेंटनं चार फूट वाट बंद केली म्हणून ती पाचव्या फुटावर बाहेर पडते. त्या चार फुटांत भिंतीतले खांब असतील तर ते ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखे आहेत. गिलावा काढाल तेव्हा छिन्नी हलकी ठेवा, ब्रेकर मशीन अजिबात नको. त्या हादऱ्यानं आतली माती निसटते.

क्रम असा: धिरे (तात्पुरते टेकू), मग छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग लाकूड, मग भिंत, शेवटी गिलावा. लोक नेमकं उलटं करतात, कारण गिलावा दिसतो.

त्याआधी दोन गोष्टी बघून सांगा. (१) तळखडे दिसतात का, की फरशीखाली गेलेत? (२) वाकलेल्या कड्यांच्या वर काय आहे?

माजघर:
दोघांचेही आभार. तळखडे दिसत नाहीत. ओसरीत जुन्या शहाबादीवर मोझॅक आणि त्यावर सिरॅमिक आहे. वाकलेल्या कड्यांच्या वर भाडेकरूंसाठी नंतर केलेली मोरी आणि संडास आहे. चौकात पेव्हर ब्लॉक आहेत, पाऊस थांबल्यावर पाणी तासभर तुंबतं.

तुळई:
मग रोगाचं मूळ सापडलं. तळखडा जमिनीच्या वर राहावा म्हणूनच घडवलेला असतो. फरशीवर फरशी चढली की लाकडाचं बूड फरशीखाली जातं आणि रोजच्या पोतेऱ्याचं पाणी थेट त्यात. खांब त्यानं गेलेत. वाळवी नंतर आली.

फेब्रुवारी ते मे एवढा काळ हातात आहे असं धरून लिहितो.

धिरे: प्रत्येक आजारी खांबाच्या दोन्ही बाजूंना, तुळईखाली. खाली नऊ इंच रुंद जाड फळी, वर फळी, मध्ये स्क्रू जॅक लावलेला लोखंडी प्रॉप. वरच्या माडीवरही त्याच रेषेत धिरा द्या, नाहीतर वजन मध्येच लटकतं. उचलायचं ते एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, नंतर एक दिवस थांबायचं. बसलेला सांगाडा मूळ पातळीवर आणायचा हट्ट करू नका. शंभर वर्षांत जे वाकलं ते एका दिवसात सरळ केलं की दारांच्या चौकटी चिरतात. वजन निघालं की पुरे.

मोरी-संडास: तिथून हलवा. दुरुस्ती नाही, हलवा. लाकडी कडीपाटावर ओली जागा टिकत नाही, खाली कितीही वॉटरप्रूफिंग केलंत तरी. तळमजल्यावर मागच्या चौकाकडे, जोत्याच्या बाहेर जागा काढा, पण आडापासून जितकं लांब जमेल तितकं. जागा रिकामी झाली की वरचा थर मोजा. कडीपाटावर मूळ मातीचा थर बहुधा सहा इंच, म्हणजे चौरस मीटरला साधारण २४० किलो. त्यावर दोन इंच कोबा आणि फरशी म्हणजे आणखी १२० किलो. हा जादा भार आधी उतरवा. मातीही तीन-चार इंचांवर आणता येते. वाकलेली कडी काढण्यापूर्वी दाभण खुपसून बघा. पाव इंचाच्या आत थांबलं तर कडी शाबूत आहे. शेजारी त्याच जाडीची नवी सागवानी कडी जोडीला देऊन बोल्ट मारा. भसकन आत गेलं तर बदला. कडीचं भिंतीत शिरणारं टोक सगळ्यात आधी कुजतं, म्हणून दाभण तिथे लावा, मध्यावर नव्हे.

छप्पर: पत्रा नको. उन्हात तापतो, रात्री त्याच्या पोटाला दव धरतं आणि ते वाशांवर ठिबकतं. कौलं उतरवा, फुटकी वेगळी काढा, वासे-रिपा तपासा, कुजलेल्या रिपा बदला आणि तीच कौलं परत चढवा. कमी पडतील ती पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या सामानात मिळतात. आपल्या कौलाचा एक नमुना सोबत न्या, कारण कारखान्यागणिक खाच बदलते आणि दोन प्रकार एकमेकांत बसत नाहीत. दोन पाख्यांमधली पन्हळ हीच गळतीची खरी जागा. तिथे जस्ताचा पत्रा निदान नऊ-नऊ इंच दोन्ही बाजूंना कौलांखाली गेला पाहिजे.

चौक: पेव्हर काढा, जुनी दगडी मोरी शोधा. बहुतेक वाड्यांत ती असते आणि बुजवलेली असते. चौकाची पातळी ओसरीच्या जोत्याखाली निदान एक पायरी राहू द्या, उतार ६० ला १. ओसरीतली वरची दोन्ही फरशी उखडून मूळ शहाबादीवर या, तळखडे मोकळे करा.

खांब: कूज जिथे संपते त्याच्या वर तीन-चार इंच निरोगी लाकडात कापायचं. आठ इंची खांबाला सांधा वीस ते चोवीस इंच लांब तिरका, म्हणजे जाडीच्या अडीच-तीन पट. आखूड सांधा वाऱ्याच्या धक्क्यात उघडतो. १२ मिमीचे स्टेनलेस बोल्ट तीन किंवा चार, वॉशरसकट. साधं लोखंड नको. गंजलं की फुगून लाकूड फोडतं. नवा तुकडा जुन्या सागाचाच घ्या, पाडलेल्या वाड्यातला. त्याची ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. सुतारांकडे ओलमापक नसतो, तुम्ही आणा. बूड आणि तळखड्याच्या मध्ये शिशाचा दोन मिमी पत्रा घाला, म्हणजे दगडातली ओल वर चढत नाही. मधल्या पाट्या, कोरीव हात, महिरपी काही उतरवावं लागलं तर प्रत्येकाला पत्र्याचा क्रमांक ठोका आणि नकाशावर तोच क्रमांक लिहा. खडूनं लिहिलेलं पहिल्याच पाण्यात जातं.

वाळवी: बाधित लाकडाला बोरिक ॲसिड १ भाग आणि बोरॅक्स दीड भाग, पाण्यात ५-६ टक्के, दोन-तीन हात. हे पाण्यानं धुऊन जातं म्हणून फक्त आतल्या, न भिजणाऱ्या लाकडाला. जमिनीत क्लोरपायरिफॉस मारायला लोक येतील. मागच्या चौकात आड आहे हे त्यांना पहिल्यांदा सांगा. आडाच्या बाजूला ते औषध नकोच.

चुनेगिलावा:
भिंत आणि चुना याबद्दल.

पोट आलेली भिंत पाडायच्या आधी ओळंबा धरून नोंद करा. वरून दर दोन फुटांवर ओळंब्यापासूनचं अंतर मोजा आणि कागदावर भिंतीचा काट काढा. भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि तारीख लिहा. महिन्याभरात काच फुटली तर भिंत चालती आहे. आतला आणि बाहेरचा थर सुटून मध्ये पोकळी झाली असेल (मुठीनं ठोकल्यावर डबडब आवाज येतो), तर थोडा थोडा भाग, तीन फुटांचा टप्पा घेऊन, एक सोडून एक उकलून परत बांधा, आणि दोन्ही थर जोडणारे आरपार दगड घाला. हे दगड नव्हते म्हणूनच पोट आलं. ग्राउटिंग करायचंच तर चुना-सुरखीचं (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) पातळ कालवण, खालून वर, नळीनं आणि उंचीच्या दाबावर. पंप लावला की मातीची भिंत फुगून सुटते.

चुना: पिशवीतली चुना पावडर टाळा, दुकानात पडून अर्धी मेलेली असते. कळीचा चुना आणा. पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून डोळ्यांत जातो, चष्मा लावा. गाळून टाकीत कमीत कमी तीन आठवडे पाण्याखाली ठेवा, महिना दोन महिने झाले तर उत्तमच. घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात नंतर फुगतात आणि भिंतीवर खळगे पडतात.

मिश्रण: चुना १, सुरखी १, धुतलेली वाळू २. सुरखी अर्धवट भाजलेल्या विटांची हवी. काळी पडलेली खंगर वीट दळली तर ती नुसती वाळूच. चुन्याशी तिचं काही घडत नाही. चुना मळायची घाणी मिळाली तर उत्तम, नाहीतर मॉर्टार मिक्सरमध्ये जास्त वेळ. आधी जुन्या गिलाव्याचा तुकडा तपासा: १०० ग्रॅम कोरडा चुरा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, फेस थांबेपर्यंत. उरलेलं धुऊन वाळवून वजन करा. ती वाळू आणि सुरखी. घटलं तो चुना. मूळ प्रमाणाच्या जवळ राहा.

पहिला थर १२ ते १५ मिमी, आठवडाभर थांबून दुसरा ६ ते ८ मिमी. ओल्या गोणपाटानं किमान दोन आठवडे ओलावा धरा. हे काम मेच्या उन्हात करू नका, वरून सुकून पापुद्रे येतात, आणि भर पावसातही नाही. दिवाळीनंतर. लाकूड-छप्पर उन्हाळ्यात, गिलावा हिवाळ्यात. शेवटी चुन्याचीच सफेदी. वर प्लास्टिक पेंट लावलात तर केलेलं सगळं बंद बाटलीत.

कालवणात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. १०० किलो चुन्याला साधारण किलोभर गूळ.

तुळई:
गूळ माझ्या मते आतल्या भिंतीला वगळावा. सुरखी चांगली असेल तर त्याविना काम होतं, आणि जास्त पडला तर मुंग्या लागतात आणि थर सुकायला उशीर होतो. बाहेरच्या अंगाला घाला.

चुनेगिलावा:
चालेल. पण वाईचे-साताऱ्याचे जुने गवंडी गुळाशिवाय कालवण हातात धरत नाहीत, त्यांच्याशी भांडू नका. प्रमाणाकडे तेवढं बघा.

पेठ_कायदा:
नोटिशीचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची नोटीस असेल तर ती नीट वाचा. पाडणं हा त्यातला एक पर्याय. आधार देणं आणि दुरुस्त करणं हेही पर्याय आहेत. नोटिशीला लेखी उत्तर द्या, सोबत धिरे लावल्याचे तारखेचे फोटो आणि संरचना अभियंत्याचा अहवाल जोडा. अभियंता लाकडी सांगाडा जाणणारा हवा. काँक्रीटवर मारायचा रिबाउंड हॅमर घेऊन आला तर त्याच्या अहवालाचा इथे उपयोग नाही. उत्तर न देणं हीच सगळ्यात महाग चूक, कारण मग पालिका स्वतः पाडू शकते आणि खर्च वसूल करू शकते.

शनिवार पेठ म्हटल्यावर शनिवारवाड्यापासून अंतर मोजा. तो केंद्र संरक्षित आहे. १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही. दुरुस्ती होते, पण सक्षम प्राधिकरणाची ना-हरकत घेऊन. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. मोजणी वाड्याच्या तटापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून होते, ती नकाशावर बघून घ्या. पालिकेच्या वारसा यादीत तुमचा वाडा आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे हेरिटेज सेलकडे विचारा. यादीत असेल तर दर्शनी बदलाला वारसा समितीची परवानगी लागते, पण न वापरलेला एफएसआय (बांधकामाचं अनुज्ञेय क्षेत्र) टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा विकास हक्क) म्हणून मिळवण्याची वाटही तिथूनच जाते.

भाडेकरू: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार दुरुस्तीची जबाबदारी मालकाची. तुम्ही टाळलीत तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो आणि भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. संडास हलवण्यापूर्वी त्यांच्याशी लेखी करार करा: तात्पुरती सोय कुठे, किती दिवस, परत तीच जागा आणि तेवढंच क्षेत्रफळ. तोंडी आश्वासनावर जागा कोणी रिकामी करत नाही, आणि करू नये.

माजघर:
शेवटचा प्रश्न. खांबांना तैलरंगाचे पाच-सहा थर आहेत, खालचं कोरीवकाम बुजलंय. सँडब्लास्टिंग करून देतो असं एकजण म्हणतोय.

तुळई:
नको. वाळूचा मारा सागाचा मऊ भाग खातो, केळफुलाच्या कडा गोल होतात. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, म्हणून कोरडं घासूही नका. पेंट रिमूव्हरचा लेप, वर प्लास्टिकचा कागद, अर्ध्या तासानं लाकडी किंवा बांबूच्या पट्टीनं खरवडा. मास्क घाला, चोथा कचऱ्यात न टाकता वेगळा बांधून ठेवा. हीट गन लाकडी वाड्यात मुळीच वापरू देऊ नका. कडीपाटाच्या फटीतला जुना धुरळा तासाभरानं पेटतो. सगळं निघाल्यावर अळशीचं तेल आणि टर्पेंटाइन समान, दोन पातळ हात, मध्ये तीन दिवस. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा.

आणि तुळयांवरून गेलेली जुनी वायर याच वेळी काढा. न जळणाऱ्या वेष्टणाची तांब्याची वायर, धातूच्या नळीतून, मजल्यागणिक वेगळं सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच). इलेक्ट्रिशियनला तुळईला भोक पाडू देऊ नका, नळी कडेनं न्यायला लावा.